भाचीचं तिसरं मागणं

बिश्केक, ६ एप्रिल २०१८

असंकान मामांना मीरिमचा सलाम.

तुमची तब्येत, मामींची तब्येत, कोंबड्यांची आणि त्या म्हाताऱ्या कुत्र्याची तब्येत ठीक असेलच. इकडे आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. फोन सोडून पत्र का लिहितेय ते तुम्हाला ठाऊक आहे. बोटींच्या इंजिनांशेजारी तीस वर्षं काढल्यावर तुमच्या कानांना फोन पेलत नाही, आणि मामींनी घेतला तर माझा प्रश्न तुम्हाला न विचारताच त्या उत्तर देऊन मोकळ्या होतात. म्हणून हे पत्र कुबातच्या मिनीबसने पाठवतेय. तो हातात आणून देईल. त्याला चहा पाजा.

काम असं की मला सायकल घ्यायची आहे. आक-ओर्गोच्या आमच्या घरापासून मी दात बनवते ती प्रयोगशाळा नऊ किलोमीटर आहे. रोज सकाळी मिनीबसमध्ये कुणाच्या तरी काखेत नाक खुपसून उभी असते. छत्तीस वर्षांच्या बाईला हे आणखी किती दिवस शोभायचं? रस्त्याचं सांगायचं तर पहिले दोन किलोमीटर खड्डे आणि धूळ, मग बरं डांबर, मग शहरात रस्त्याकडेचे उघडे पाट. शिवाय रविवारी दक्षिणेला चोंग-ताशच्या चढापर्यंत जायची हौस आहे. दुकानात तीन जाती दाखवल्या. एक रेसिंगची, एक डोंगरातली आणि एक दोन्हींच्या मधली, हायब्रिड. दुकानदार म्हणतो हायब्रिडच घ्या, कामालाही जाल आणि फिरायलाही. पण दुकानदाराला विकायचं असतं. तुम्ही सोव्हिएत काळात रिपब्लिकच्या संघातून सायकल पळवली आहे आणि आता दुनियेच्या सायकली आणि शिवणयंत्रं दुरुस्त करता. तुम्ही सांगाल ती घेईन.

खरं सांगू का, दुकानातल्या एकाही सायकलीवर माझा जीव बसला नाही. तुमची ती हिरवी रेसिंगची डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्यासारखी सायकल मी आजवर दुसरी पाहिली नाही.

तुमची,
मीरिम


बालिकची, १३ एप्रिल

मीरिम पोरी,

तू करून दिलेली खालची कवळी उत्तम बसली आहे. परवा वाळवलेला मासा हाडांसकट चावला. तुझ्या मामीला ते बघवलं नाही.

हायब्रिड म्हणजे खेचर. घोड्याची पळ नाही, गाढवाचा स्वस्तपणा नाही. तुझा आजा दारात खेचर बांधू देत नसे, म्हणायचा की ज्याला आपला बाप कोण ते सांगता येत नाही त्याने माझ्या दाव्याला येऊ नये. माझ्या दुकानात येतात अशा सायकली. पुढच्या फोर्कला स्प्रिंग, खोगीर सोफ्याएवढं, आणि चालवणारा घामाघूम.

पण तुला सल्ला नकोच होता, हे मी ओळखलं. शहाणी आहेस, आडून मागितलंस. भाचीने मामाच्या घरातली वस्तू तीनदा मागावी आणि मामाने तोंड वाकडं न करता काढून द्यावी, हे आपल्यात वाडवडिलांपासून चालत आलंय. भाची येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, असं उगाच नाही म्हणत. पहिल्यांदा तू तांबडं शिंगरू नेलंस. दुसऱ्यांदा, एकोणीस वर्षांची असताना, माझा अकॉर्डियन नेलास, ज्याचा आवाज अजून कुणाच्या कानावर पडलेला नाही. हे तिसरं. मामा आता सुटला.

हिरवी उद्या कुबातच्या टपावरून येते आहे. चाकं काढून वेगळी बांधली आहेत. टायर नवे घातले, हँडलला नवी फीत गुंडाळली, साखळी रॉकेलमध्ये धुतली. १९७४ साली संघाने ती माझ्या हाती दिली तेव्हा तुझी आई शाळेत जात होती. पावसात उभी करू नकोस आणि कुणाला चालवायला देऊ नकोस.

मला तिची आता गरज नाही. दुकानात काम फार वाढलंय.

मामा


बिश्केक, २१ एप्रिल

झूरा मामी,

हे पत्र मामांना दाखवू नका. त्यांना वेगळं लिहिलंय की सायकल पोचली, झकास आहे, रोज कामावर नेते. ते दाखवतीलच तुम्हाला.

मामी, मी सायकल मागितली नव्हती. नुसती तिची आठवण आली म्हणून लिहिलं. तुमच्या अंगणात भिंतीवर टांगलेली असायची, लहानपणी मी तिचं मागचं चाक हाताने फिरवत बसायची, तेवढंच मनात होतं. हात दाखवून अवलक्षण झालं. कुबातने ती उतरवली तेव्हाच कळलं, ही माझ्या मापाची नाही. मामा खांबासारखे उंच आणि मी त्यांच्या छातीशी. शेजाऱ्याने चाकं बसवून दिली, मी कशीबशी चढले, पाय पेडलला पोचेनात, आणि दहा पावलांवर थेट पाटात गेले. पाटात पाणी होतं. कोपर सोललं.

आईला म्हटलं, परत पाठवते. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, मामाने दिलेली वस्तू भाचीने परत केली असं आपल्या सात पिढ्यांत झालं नाही, आणि दादाला आता ते सहन व्हायचं नाही. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सायकल माझ्या खोलीत भिंतीला उभी आहे, मी अजून मिनीबसनेच जाते.

मामा स्वतः आता कशावर जातात? ते रोज सकाळी जायचे ना?

मीरिम


बालिकची, २९ एप्रिल

मीरिम बाळा,

तुझं पत्र पिठाच्या डब्यात ठेवलंय. तिथे त्याचा हात जात नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. चाळीस वर्षं हा माणूस सकाळी सहाला घराबाहेर पडायचा. तलावाच्या कडेने, बोटींच्या जुन्या धक्क्यापलीकडे, वाळूच्या टोकापर्यंत जाऊन आठच्या आत परत. मला तेवढे दोन तास घरात शांतता. फेब्रुवारीत एक दिवस तो दहाला आला, सायकल हाताने ढकलत. मनगट सुजून दुधीएवढं. मला म्हणाला, दुकानात शिवणयंत्र पडलं हातावर. शिवणयंत्र हातावर पडलं तर कोटाच्या पाठीला वाळू लागते का? मी काही बोलले नाही, मनगटाला चरबी चोळून दिली.

तेव्हापासून सायकल भिंतीवरच होती. आधी मनगट, मग थंडी, मग वारा, रोज नवं कारण. तुझं पत्र आलं ते त्याने दोनदा वाचलं. अर्ध्या तासात चाकं सुटी केली. मी म्हटलं, पोरीला विचार तरी. म्हणाला, भाचीने मागितल्यावर विचारायचं नसतं.

आता तो सहाला उठतो, बूट चढवतो आणि दारातल्या बाकावर बसतो. आठ वाजता बूट काढतो. मला स्पष्टच बोलायची सवय आहे. एकाहत्तर वर्षांचा माणूस असा बाकावर बसायला लागला की दोन वर्षांत तो बाकाचाच होतो. माझ्या वडिलांचं तसंच झालं. तो परत चाकावर बसला पाहिजे, एवढंच मला हवंय. पण हिरवी परत पाठवू नकोस. मामाची वस्तू भाचीला चालली नाही, हे त्याच्या जिव्हारी लागेल. सध्या तू चालवतेस एवढ्याच गोष्टीवर तो चार माणसांत हसून बोलतो.

जर्दाळूचा जॅम पाठवलाय. बरणी परत दे.

मामी


बालिकची, ५ मे

मीरिम पोरी,

तू रोज कामावर जातेस हे वाचून बरं वाटलं. कुबातलाही पत्र वाचून दाखवलं. तो म्हणतो शहरात आता बायकासुद्धा रेसिंगवर दिसतात.

पण एक सांगायचं राहिलं. खोगिराची उंची नीट नसली तर गुडघे जातात. खोगिराखालची दांडी फ्रेमच्या बाहेर किती बोटं दिसते ते मोजून कळव. बोटं आडवी धर.

मामा


बिश्केक, ११ मे

मामा, सलाम.

मोजली. बरोबर आठ बोटं. गुडघे एकदम ठणठणीत आहेत. काल तर येताना मिनीबसला मागे टाकलं. जॅम संपत आला, बरणी कुबातकडे देते.

मीरिम


बालिकची, १५ मे

मीरिम,

आठ बोटं हे माझं माप आहे. दांडीवर कानशीने ओढलेली बारीक खूण आहे, ती माझीच. सायकल इथून निघाली तेव्हा दांडी तेवढीच बाहेर होती. तुझ्या उंचीची बाई त्या खोगिरावर बसली तर तिचे पाय हवेत लोंबतील. म्हणजे एक महिना झाला, तू तिच्यावर बसलेली नाहीस.

नको असेल तर तसं सांगायचं. मामाला काय वाटेल म्हणून खोटं लिहायचं, ही रीत तुला तुझ्या आईने शिकवली की शहराने?

असंकान


बिश्केक, २६ मे

मामा,

तुम्ही खाली नाव लिहिलंत, मामा लिहिलं नाही. दहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

मी खोटं बोलले. सायकल माझ्यासाठी फार मोठी आहे. पहिल्याच दिवशी पाटात पडले, कोपराला अजून डाग आहे. आई म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. तुमचं मन मोडू नये म्हणून लपवलं आणि त्यानेच मोडलं. बोटं मात्र मी खरी मोजली होती, तेवढंच खरं लिहिता येण्यासारखं होतं. मला माफ करा. हिरवी माझ्या पलंगासमोर आहे, रोज रात्री निजताना तिच्यावरची धूळ पुसते. ती मी कुणाला देणार नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे तुमचं चुकलंय. तांबडं शिंगरू मी मागितलंच नव्हतं. आईला खोदून विचारलं. मी तेव्हा चाळीस दिवसांची होते, पाळण्यात. आईनेच माझ्या नावावर मागून घेतलं, कारण तिला शिंगरू आवडलं होतं. ज्या पोरीला तोंडात दात नाही ती मागेल कशी? आणि हिरवीही मी मागितली नव्हती, नुसती आठवण काढली होती. म्हणजे माझ्या नावावर फक्त अकॉर्डियन. दोन मागणी माझी शिल्लक आहेत. तरी तुमच्या मनासारखं व्हावं म्हणून हिरवी धरू. एक तरी उरतं.

ते मी आज मागते, आडून नाही. तुम्ही बिश्केकला या. माझ्यासाठी सायकल तुम्ही निवडा. आणि नुसती निवडू नका, चालवून बघा, मगच मी पैसे देईन. मी तीन दुकानं फिरले. सगळे मला चाकांचे आकडे सांगतात, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. खेचर म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, माझ्या रस्त्याला हायब्रिडच लागणार, एवढं मला पाटात पडल्यावर समजलं.

भाचीने मागितल्यावर नाही म्हणता येत नाही.

मीरिम


बालिकची, २ जून

मीरिम पोरी,

तुझ्या आईला म्हणावं, शिंगराचं तू छत्तीस वर्षांनी कबूल केलंस, चांगलं केलंस.

मागितलं आहेस तर येतो. तेरा तारखेला, कुबातबरोबर. निवडून देईन. चालवायचं बघू. माझं मनगट दुखतं, हिवाळ्यात शिवणयंत्र पडलं होतं.

मी येईपर्यंत एक कर. बूट काढून भिंतीला पाठ लावून उभी राहा. एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये घट्ट वर दाबून धर, जसं खोगिरावर बसतेस तसं. पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण कर आणि खुणेपासून जमिनीपर्यंत मोज. सायकल निवडण्याचं पहिलं माप ते. रंग सगळ्यात शेवटी. या वेळी मोजताना खोटेपणा नको.

सात लांडगे खरंच परवडले असते.

मामा


बिश्केक, १९ जून

झूरा मामी,

मामा सुखरूप पोचलेच असतील आणि त्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं असेल. उरलेलं मी सांगते.

दुकान एका इमारतीच्या तळघरात आहे, तीन पायऱ्या उतरून जायचं. चालवणारी एल्विरा म्हणून तिशीतली बाई आहे, हात कायम काळे. मामांनी आत जाताच तिच्याकडे पाहिलंही नाही. एकेक सायकल मधल्या दांडीला धरून उचलायची, चाक फिरवायचं, आणि दांडीवर बोटांची टोकं टेकवून डोळे मिटून उभं राहायचं. एल्विराला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर येतेय, तिने खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, त्यांना ऐकू कमी येतं, चाकातली खरखर ते बोटांनी ऐकतात. तिने लगेच खुर्ची बाजूला सरकवली.

स्प्रिंगवाली पहिली बाद. तिचं नाक दाबून मामा म्हणाले की ही प्रत्येक खड्ड्यात म्हैस बसावी तशी बसेल आणि चढावर तुझी निम्मी ताकद हिच्या उठबशीत जाईल. बारीक टायरची दुसरी बाद, तो टायर आक-ओर्गोच्या पहिल्याच खड्ड्यात फुटेल. तिसरीला मडगार्ड लावायला भोकं नव्हती. चौथी त्यांनी खाली ठेवली नाही. सरळ हँडल, स्प्रिंग नाही, टायर दोन बोटं रुंद, मागे सामानाचं कॅरियर. मला तिच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं, दांडी आणि माझ्या अंगात किती जागा राहते ते वाकून पाहिलं, मग खोगिरावर बसवून टाच पेडलवर ठेवायला लावली. पाय बरोब्बर सरळ झाला. मामी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की एखादी सायकल माझ्या मापाची असू शकते. मी बोळात दोन फेऱ्या मारल्या आणि हसतच आले.

मग मी म्हटलं, आता तुम्ही चालवून दाखवा. मामा म्हणाले ही मला लहान. बोलणं तिथेच मिटलं असतं, पण एल्विराने त्याच जातीची मोठ्या मापाची एक राखाडी सायकल आतून आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी मनगट चोळलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तुझ्या मागण्यात धरलंय का?" मी हो म्हटलं. त्यांनी पँटचा पाय मोज्यात खोचला. पहिल्यांदा चढताना डगमगले. मी हात पुढे केला नाही. बोळाच्या टोकाला वळले आणि दिसेनासे झाले.

पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. पंचवीस मिनिटांनी मी आणि एल्विरा रस्त्यावर येऊन दोन्ही बाजूंचे पाट बघत चालायला लागलो. तिने दुकान उघडंच टाकलं होतं. चाळीस मिनिटांनी मामा दक्षिणेकडून उताराने आले, ताठ बसून, टोपी मागे सरकलेली. वनस्पती उद्यानाच्याही वर जाऊन आले होते. शर्टात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन गरम सामसे होते. एल्विराला एक दिला, म्हणाले, "या खेचरावर पाठ वाकवावी लागत नाही. समोरचं सगळं दिसतं." मग सामसा खाऊन तिला विचारलं की हे राखाडी जनावर बांधून द्यायला किती वेळ लागेल.

मामी, त्यांनी ती स्वतःच्या पैशांनी घेतली. पण मला दमात घेतलंय की घरी सांगायचं ती मीरिमची आहे, शनिवार-रविवारी बालिकचीला आली की तिला लागेल म्हणून तिकडे ठेवलीय. तेव्हा तुम्हाला ती माझी आहे.

मी रोज पंचेचाळीस मिनिटांत कामावर पोचते. आता खरंच.

मीरिम


बालिकची, २४ जुलै

मीरिम बाळा,

तुझी सायकल सुखरूप आहे. खोगीर माझ्या कमरेच्याही वर आहे, भाची महिन्यात बरीच वाढली असं मी शेजारणीला सांगितलं. आली त्या दिवशी मी कोंबडा कापला आणि पुढच्या चाकाला रक्ताचा टिळा लावला. दुसऱ्याच्या सायकलीला कशाला, असं तो म्हणाला, पण चाक धरून उभा राहिला.

रोज सकाळी काढतो. मी विचारलं नाही तरी सांगतो की नाही चालवली तर साखळी गंजेल, मीरिम काय म्हणेल. माझे दोन तास मला परत मिळाले असं वाटलं होतं. पण तो पंचवीस मिनिटांत येतो. मग कळलं, तो रेल्वे स्टेशनापर्यंत जातो आणि मागे फिरतो. भर रस्त्याने, दुकानांसमोरून, जिथे माणसं असतात. तलावाकडे जात नाही. मी एकदा म्हटलं, वाळूच्या टोकाला जाऊन ये, जर्दाळू पिकलेत का बघ. म्हणाला, तिकडे वारा असतो. बालिकचीत कुठे वारा नसतो?

बाकावर बसत नाही, हे खूप झालं. पण माझं समाधान होत नाही. तू एकदा ये.

मामी


बिश्केक, ३ सप्टेंबर

मामा, सलाम.

काल मी तुमच्याकडून निघाले ती अजून तिथेच आहे असं वाटतं. मामींनी तळून दिलेल्या बोर्सोकांनी सायकलीची पिशवी भरली होती, अर्धे खिंडीतच संपले. कुबातने माझी सायकल टपावर अशी बांधली की आता त्यालाही सायकल घ्यायचीय.

एक विचारते, राग मानू नका. शनिवारी आपण तलावाच्या कडेने निघालो, किती छान चाललो होतो. तुम्ही पुढे, मी मागे. तुम्ही मला गियर कधी बदलायचा ते हाताने खुणावत होता. मग जुना धक्का गेला, ते झाऊच्या झुडपांचं वळण आलं, आणि तुम्ही उतरलात. म्हणालात, मागच्या चाकात हवा कमी आहे, परत फिरू. मामा, तुम्ही तोंड धुवायला पाण्याकडे गेलात तेव्हा मी चाक दाबून पाहिलं. हवा भरपूर होती.

तेव्हा विचारलं नाही, कारण तुमचा चेहरा मला ओळखीचा वाटला नाही. फोनवर विचारता येत नाही आणि समोर विचारायचा धीर झाला नाही, म्हणून पत्रात विचारते. माझी आता काही मागणी उरलेली नाहीत. उत्तर द्यावंसं वाटलं तर द्या. मला तुमची काळजी वाटते आणि माझा तुमच्यावर फार जीव आहे, एवढं ठाऊक असू द्या.

मीरिम


बालिकची, १६ सप्टेंबर

मीरिम पोरी,

तुझं पत्र बारा दिवस खिशात घेऊन फिरलो. उत्तर लिहायला कठीण होतं, आधी एक काम करायचं होतं.

त्या वळणावर फेब्रुवारीत मी पडलो. शिवणयंत्राची गोष्ट मी झूराला सांगितली, तुलाही सांगितली. झूराचा विश्वास बसला नसणार, ती चरबी चोळताना काही बोलली नव्हती. त्या दिवशी बर्फ नव्हता, कुत्रं आडवं आलं नव्हतं. कोरड्या सरळ रस्त्यावर मी पडलो. पडण्याचं मला काही नाही. संघात असताना उतारावर पडलोय, खांदा निखळलाय, दुसऱ्या दिवशी परत बसलोय. या खेपेला मला उठता येईना. पाय सायकलीत अडकलेला आणि हातात जोर नाही. किती वेळ वाळूत पडून होतो सांगता येत नाही. मासे विकणारी एक बाई आली, तिने मला काखेत हात घालून उभं केलं, पाठीवरची वाळू झटकली आणि विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे बघायला घरी कुणी नाही का?"

ती भली बाई होती. पण पोरी, मनगटापेक्षा मला ते दुखलं. त्यानंतर हिरवीकडे बघितलं की मला तो आवाज ऐकू यायचा, ज्याला फोन ऐकू येत नाही त्याला. मी घाबरलो होतो. बायकोला सांगायची लाज, कुबातला सांगायची लाज. आणि सायकल समोर भिंतीवर, रोज विचारायची, आज का नाही?

तेवढ्यात तुझं पत्र आलं. तू हिरवी मागितली नव्हतीस. मला ते पहिल्याच वाचनात कळलं होतं. पोरगी नुसती आठवण काढतेय, तिला सल्ला हवाय, तिला खेचरच लागणार, हेही कळलं होतं. तिची उंची मला ठाऊक नाही का? पण मी पडत्या फळाची आज्ञा धरली. भाचीने नेली म्हटल्यावर आपल्यात कुणी पुढे विचारत नाही. असंकान घाबरून सायकल सोडून बसला असं कुणी म्हणणार नव्हतं. मी तुझ्या नावामागे लपलो, आणि वर तुलाच खोटं का बोललीस म्हणून झापलं. तुझं कोपर माझ्यामुळे सोललं. मामाने भाचीची माफी मागायची रीत आपल्यात नाही, तरी मी मागतो.

काम करायचं होतं ते असं. काल सकाळी सहाला राखाडी काढली. ती माझी आहे हे झूराला सांगून टाकलं. ती म्हणाली, कळवल्याबद्दल आभार. धक्का गेला, वळण आलं. झुडपं तीच होती. या वेळी उतरलो नाही. गियर हलका केला आणि पेडल मारत राहिलो. वळण संपायला पंधरा-वीस पेडलं लागली असतील, आयुष्यात एवढी मोजून मारली नव्हती. पलीकडे गेल्यावर थांबलो आणि थोडा रडलो. तिथे कुणी नव्हतं, असतं तरी रडलो असतो.

मग वाळूच्या टोकापर्यंत गेलो. येताना खिंडीतला वारा समोरून, एवढा की सायकल उभी राहावी. तरुणपणी अशा वाऱ्याला मी शिव्या द्यायचो. काल सावकाश आलो, दोनदा उतरून ढकलली, मासेवाल्या बायकांना वाट दिली. घरी पोचायला पावणेनऊ झाले. झूरा फाटकात उभी होती. तिने आत जाऊन तव्यावर दोन अंडी जास्त फोडली.

आता ती आत भांडी आपटतेय, म्हणजे खुशीत आहे. मी हे बाकावर बसून लिहितोय, बूट काढलेत. उद्या वारा पडला तर जाईन. नाही पडला तरी जाईन.

तुझा,
मामा